घोडवाटेवरून गोदीकडे : रीजंट्स कॅनॉलचा एक दिवस

'कालवा' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात आणतो तो शेतीचा संदर्भ. नीरेचा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला आणि अवर्षणाच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा कालवा पुणे शहराच्या मध्यातून वाहत राहिला. आपला कालवा धरणातून निघतो आणि वावरात संपतो. पाटकरी, पाळी, पाणीपट्टी ही त्याची शब्दसंपदा. इंग्लंडमधील कालव्याचा जन्म मात्र सर्वस्वी वेगळ्या गरजेतून झाला. तो पिकांसाठी नव्हता. तो रस्ता होता. १७६१मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला, आणि त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत, आगगाडी येईपर्यंत, त्या देशाच्या अंगावर अशा जलरस्त्यांचे जाळे विणले गेले. औद्योगिक क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाफेचे यंत्र येते. परंतु त्या यंत्राला लागणारा कोळसा दीर्घकाळ घोड्याच्या चालीने, तासाला तीन-चार मैल अशा संथ गतीने, पाण्यावरून येत होता.

लंडनचा रीजंट्स कॅनॉल हा या कालवायुगाच्या उत्तरार्धातला. पश्चिमेला पॅडिंग्टनपासून पूर्वेला टेम्स नदीवरच्या लाइमहाउसपर्यंत त्याची लांबी सुमारे १४ किलोमीटर आहे. गेल्या जुलैत आम्ही तिघांनी, म्हणजे मराठी शिकवणाऱ्या तीन मध्यमवयीन अध्यापकांनी, भाड्याच्या सायकली घेऊन हा कालवा एका दिवसात पाहायचे ठरवले. तरुण सायकलस्वार हे अंतर तासाभरात तोडतो. आम्हांला सकाळपासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ लागला, आणि तोही अपुरा वाटला. या लेखात त्या दिवसाचे प्रवासवर्णन करण्याचा हेतू नाही. त्या वाटेवर आम्हांला जे वाचायला मिळाले आणि जे वाचता आले नाही, त्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांशी व सहकाऱ्यांशी बोलावे, एवढाच हेतू आहे.

या कालव्याला संसदेची मंजुरी मिळाली ती १८१२मध्ये. वास्तुविशारद जॉन नॅश हे या योजनेचे एक संचालक होते आणि त्यांचे सहायक जेम्स मॉर्गन हे अभियंता. रीजंट्स पार्क ही नॅश यांचीच कल्पना. उद्यानातून वाहणारे पाणी शोभा वाढवील, असे त्यांच्या मनात होते. पण शोभेच्या पाण्यावरून कोळशाच्या नावा आणि नावाड्यांच्या शिव्या जाणार, हे ध्यानात आल्यावर कालवा उद्यानाच्या उत्तर कडेला, खोल खोदाईत ढकलण्यात आला. शहराची सुंदर बाजू आणि शहराची राबती बाजू यांच्यातली ही वाटणी इतक्या आरंभापासून आखलेली होती. मूळ कल्पनेचे जनक टॉमस होमर यांनी कंपनीच्या पैशाची अफरातफर केली, ती १८१५मध्ये उघडकीस आली. पैसा वारंवार संपला. तरीही पॅडिंग्टन ते कॅम्डेन हा भाग १८१६मध्ये आणि उरलेला लाइमहाउसपर्यंतचा भाग १ ऑगस्ट १८२० रोजी खुला झाला.

'लिटल व्हेनिस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळ्यापाशी आमचा प्रवास सुरू झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही जागा रॉबर्ट ब्राउनिंगमुळे माहीत असते. एलिझाबेथच्या मृत्यूनंतर फ्लॉरेन्स सोडून आलेला हा कवी १८६२ ते १८८७ ही पंचवीस वर्षे याच पाण्याकाठी वॉरिक क्रेसेंटमध्ये राहिला. आज येथे रंगवलेल्या अरुंद नावा, कुंड्यांतली फुले आणि कॉफीची दुकाने दिसतात. ब्राउनिंगच्या खिडकीतून दिसत असणार ते मात्र मालवाहू कालव्याचे पाणी. आजची रम्यता ही मालवाहतूक थांबल्यानंतरची आहे. रीजंट्स कॅनॉलचे १९४८मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६०च्या दशकाअखेर त्यावरची व्यापारी वाहतूक जवळजवळ संपली. त्यानंतरच काठची वाट टप्प्याटप्प्याने लोकांसाठी मोकळी होत गेली. एरवी ती नाव ओढणाऱ्या घोड्याची आणि त्याला हाकणाऱ्या माणसाची वाट होती. इंग्रजीतल्या तिच्या नावातही ओढण्याचीच क्रिया आहे. आपण तिला घोडवाट म्हणू.

घोडवाटेवर सायकल चालवणे ही शिस्तीची गोष्ट आहे. वाट अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पादचाऱ्याचा मान पहिला. पुलाखाली वाट वळते तेथे समोरचा दिसत नाही. घंटी वाजवून, वेग कमी करून, वाकून जावे लागते. या वाकण्यामुळेच आम्हांला पहिला मजकूर वाचायला मिळाला. पुलांच्या कोपऱ्यांवर दगड झिजू नये म्हणून लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि त्या पट्ट्यांत बोट जाईल एवढ्या खोल चरांच्या रांगा आहेत. ओल्या, मातीने माखलेल्या दोरखंडांनी, हजारो नावा ओढल्या जाताना, हे लोखंड कापले आहे. विहिरीच्या काठावर दोरीने पडलेली खाच आपल्या परिचयाची असते. दगडाला खाच पडते हे दृष्टान्तात आपण ऐकलेले असते. येथे तोच दृष्टान्त लोखंडावर उमटलेला आहे.

रीजंट्स पार्कजवळच्या मॅकल्सफील्ड पुलाला लोकांनी 'उडालेला पूल' असे नाव दिले आहे. २ ऑक्टोबर १८७४च्या पहाटे 'टिलबरी' नावाची नाव या पुलाखालून जात होती. तिच्यावर सुमारे पाच टन बंदुकीची दारू आणि त्याबरोबर पेट्रोलियम होते. ठिणगी पडली, नावेवरची माणसे ठार झाली आणि पूल कोसळला. कोलब्रुकडेलच्या कारखान्यात ओतलेले बिडाचे खांब तेवढे शाबूत राहिले. पूल पुन्हा उभारताना तेच खांब वापरले, पण फिरवून. त्यामुळे दोराच्या खाचा आज खांबांच्या दोन्ही बाजूंना दिसतात : एका बाजूला स्फोटापूर्वीच्या, दुसऱ्या बाजूला नंतरच्या. पाठचिकित्सा शिकवताना आपण हस्तलिखिताच्या दोन थरांविषयी बोलतो. फळ्यावर समजावून सांगायला कठीण जाणारी ती गोष्ट या खांबांना हात लावून समजते.

उद्यान संपता संपता कालवा कॅम्डेनकडे वळतो, तेथे आम्ही घोडवाट सोडून प्रिमरोझ हिलच्या बाजूला चढलो. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५मध्ये विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. निवासी वस्तीत संग्रहालय असावे की नाही यावर स्थानिक नियोजनाचा वादही झाला आणि मार्च २०२०मध्ये त्याला परवानगी मिळून तो मिटला. बाबासाहेबांच्या लंडनमधील दिवसांविषयी चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या चरित्रामुळे मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक आहे : सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे, ते बंद होईपर्यंत वाचायचे, अर्धपोटी परतायचे आणि रात्री पुन्हा वाचायचे. या काळातल्या अभ्यासातून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९२३मध्ये लंडनलाच प्रसिद्ध झाला.

कालव्यावरून त्या घराकडे गेल्यामुळे या ग्रंथाची एक बाजू आम्हांला अधिक स्पष्ट झाली. रुपयाचा विनिमय दर ही वरवर पाहता अमूर्त, आकड्यांतली बाब. परंतु रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, या प्रचलित समजाला बाबासाहेबांनी तेथे हरकत घेतली आहे. हा फायदा परदेशातून येत नाही. भाव वाढतात, मजुरी मागे पडते, आणि एका वर्गाच्या पदरात पडते ते दुसऱ्या वर्गाच्या पदरातून काढलेले असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हिंदुस्थानातून निघालेला माल ज्या गोद्यांत उतरत होता त्या येथून काही मैलांवर होत्या. तो माल पिकवणारा, वाहणारा, चढवणारा माणूस आकड्यांआड दिसेनासा होऊ नये, हा त्या अर्थशास्त्रीय ग्रंथातला आग्रह आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो ग्रंथ सहसा उघडलेला नसतो, उघडायला हवा.

कॅम्डेनपासून कालवा उतरू लागतो. लाइमहाउसपर्यंत बारा ठिकाणी लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची पेटी. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी सोडायचे, की नाव खालच्या पातळीवर येते. प्रत्येक उताराला एक पेटीभर पाणी खर्च होते. ते भरून काढण्यासाठी वायव्येला ब्रेंट नदीवर धरण बांधावे लागले, ते १८३५मध्ये पुरे झाले. या भागात कडेला पाण्यात उतरणारे काही उतार दिसतात. शेजारून जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीने बुजून घोडे कालव्यात पडत. त्यांना बाहेर काढण्यासाठी ही सोय होती. ज्या गाडीने पुढे कालव्याचा धंदा घेतला, तिने आधी त्याच्या घोड्यांना घाबरवले.

किंग्ज क्रॉसजवळ कोळशाच्या वखारींची आता दुकाने झाली आहेत आणि वायूच्या टाक्यांच्या बिडाच्या जाळीदार सांगाड्यांत निवासी इमारती बसवल्या आहेत. येथून सायकलने थोड्याच अंतरावर ब्रिटिश लायब्ररी आहे. इंडिया ऑफिसची दप्तरे तेथे आहेत; मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक ज्या पंढरीची वारी करू इच्छितो ती हीच. कालव्यावर बॅटलब्रिज बेसिनच्या काठी कार्लो गाटी या व्यापाऱ्याच्या बर्फविहिरी आहेत. नॉर्वेतून जहाजाने आलेला बर्फ लाइमहाउसला उतरून, नावेने येथे येऊन, जमिनीखालच्या खोल विहिरींत साठवला जाई. त्या जागी आता कालव्याचे संग्रहालय आहे.

पुढे इझलिंग्टनचा बोगदा लागतो. लांबी सुमारे ८७८ मीटर, आणि आत घोडवाट नाही. घोडा टेकडीवरून चालत पलीकडे जाई आणि माणसे नावेवर पाठीवर आडवी होऊन, भिंतींना पाय लावून, पायांच्या जोराने नाव पुढे रेटत. १८२६मध्ये साखळीवर चालणारी वाफेची ओढनाव आली तेव्हा या कामातून सुटका झाली. सायकलस्वारालाही घोड्याप्रमाणे वरूनच जावे लागते. आम्ही एंजलच्या गर्दीतून सायकली हातात धरून चाललो.

हॅकनेच्या बाजूला आम्ही दुसरे वळण घेतले. किंग एडवर्ड्स रोडवर १९००पासून 'आयांचे घर' होते; लंडन सिटी मिशन ते चालवत असे. साहेबाच्या मुलांना सांभाळत बोटीने विलायतेला आलेल्या आयांना येथे आल्यावर अनेकदा नोकरीतून मोकळे केले जाई, परतीच्या तिकिटाची हमी नसे. परत जाणारे एखादे कुटुंब भेटेपर्यंत त्या या घरात राहत. २०२२मध्ये तेथे निळी स्मृतिपट्टी लागली. 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आपल्या घरांतून इंग्रजीत गेला आणि शेवटी लंडनच्या एका घराच्या नावात जाऊन बसला. त्या घरात राहिलेल्या बायकांनी मात्र स्वतः लिहिलेले असे काही आमच्या वाचनात आलेले नाही.

व्हिक्टोरिया पार्कच्या कडेने, माइल एंडवरून दुपार कलताना आम्ही लाइमहाउसला पोचलो. येथे कालवा रुंद होऊन गोदीत शिरतो. एके काळी समुद्रावरची जहाजे येथपर्यंत येत आणि कोळसा, लाकूड, बर्फ कालव्याच्या नावांत उतरवून देत. आता तेथे हौशी लोकांच्या बोटी बांधलेल्या असतात. येथूनच १७७०मध्ये खोदलेला लाइमहाउस कट हा लंडनमधला सर्वांत जुना कालवा बो गावाकडे जातो. तिथल्या किंग्जले हॉलमध्ये, म्युरिएल लेस्टर यांच्याकडे, १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी सुमारे बारा आठवडे राहिले. त्याच परिषदेत स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाबासाहेब आणि गांधीजी समोरासमोर आले. एकाचे विद्यार्थिदशेतले घर या पाण्याच्या पश्चिमेकडे, दुसऱ्याचा मुक्काम पूर्वेकडे कामगारवस्तीत. दोन्ही वास्तू आज आपल्या लोकांना माहीत आहेत; तेथे जाऊन आपण डोके टेकवतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु लाइमहाउसला आणखी एक वास्तू होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७मध्ये आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातील परक्या खलाशांसाठी निवारागृह उघडले. पायाभरणी राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५६मध्ये केली होती. महाराजा दुलीपसिंग यांनी देणगी दिली होती. १९३७मध्ये ते बंद झाले. इंग्रज ज्यांना 'लस्कर' म्हणत ते आपले खलाशी येथे राहत. जहाज गोदीला लागले की कित्येकांना परतीचे जहाज मिळेपर्यंत लंडनच्या थंडीत दिवस काढावे लागत. त्यांचे वेतन त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या पुष्कळदा एक तृतीयांशाच्या आसपास असे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अशा खलाशांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती.

यांत आपली माणसे होती, असे ठामपणे म्हणता येते. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर कामांची वाटणी प्रांतवार आणि धर्मवार होती. भट्टीवर प्रामुख्याने पंजाब-सरहद्दीकडचे लोक, भोजनगृहात गोमंतकीय ख्रिस्ती, आणि डेकवर गुजरात किनाऱ्याबरोबर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. म्हणजे लंडनच्या गोद्यांत मराठी-कोकणी बोलणे ऐकू येत होते ते बॅरिस्टर होण्यासाठी गेलेल्या तरुणांमुळेच नव्हे. जहाजाच्या नोंदींत या लोकांचे हुद्देही नोंदलेले असत : 'सेरंग' आणि 'टिंडल'. पहिला म्हणजे आपला सारंग, दुसरा म्हणजे कोकण किनाऱ्यावर आजही मचव्याचा प्रमुख असणारा तांडेल. फारसी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि किनाऱ्यावरच्या बोलींची सरमिसळ असलेली ही जहाजी भाषा इतकी आवश्यक होती, की टॉमस रोबक यांनी १८११मध्ये कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन कोश प्रसिद्ध केला. हुकूम देणाऱ्याला हुकूम पाळणाऱ्याची भाषा शिकावी लागली, म्हणून तो कोश झाला.

येथे आमच्या विषयाचा प्रश्न उभा राहतो. मराठीत विलायतेच्या प्रवासाचे लेखन विपुल आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये आपला इंग्लंडचा प्रवास लिहिला, पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने १९६०मध्ये या वाङ्मयप्रकाराला घरोघरी नेले. या परंपरेत बोटीच्या प्रवासाचे प्रकरण ठरलेलेच असते : बंदर सुटणे, बोट लागणे, सहप्रवासी, एडन, सुवेझ. हे सारे प्रवाशांच्या डेकवरून दिसलेले आहे. त्याच बोटीवर डेक धुणारा, नांगर उचलणारा रत्नागिरीचा माणूस होता आणि ताट वाढणारा साष्टी-बारदेशचा माणूस होता. एकाच जहाजातून, एकाच दिवशी, एकच समुद्र दोघांनी ओलांडला. एकाचा प्रवास वाङ्मय झाला, दुसऱ्याचा झाला नाही. आपण 'प्रवासवर्णन' या प्रकाराची व्याख्या करतो तेव्हा प्रवास हौसेने किंवा शिक्षणासाठी केलेला असतो, हे गृहीत धरतो. पोटासाठी वर्षानुवर्षे केलेला प्रवास त्या व्याख्येत बसत नाही, कारण तो करणाऱ्याला लिहायला ना सवड होती ना, बहुधा, अक्षरे. हा दोष रमाबाईंचा किंवा पुलंचा नव्हे. तो आपल्या अभ्यासाच्या आखणीतला आहे.

उत्तरार्धात आम्ही वेस्ट इंडिया डॉक्सवर गेलो. ही गोदी १८०२मध्ये सुरू झाली. गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर येथे उतरत असे. १९८०मध्ये ती बंद पडली आणि तिच्या जागी कॅनरी वॉर्फचे काचेचे मनोरे आले. एका जुन्या वखारीत २००३पासून गोद्यांचे संग्रहालय आहे. त्याच्या समोर गोदीचा प्रवर्तक आणि गुलामांचा मालक रॉबर्ट मिलिगन याचा पुतळा उभा होता, तो जून २०२०मध्ये हलवण्यात आला. थोडे पुढे ईस्ट इंडिया डॉक्स : १८०६मध्ये सुरू, १९६७मध्ये बंद. गोदीचा मोठा भाग बुजवला आहे. उरलेल्या तळ्यात पक्ष्यांसाठी राखलेली जागा आहे. नव्या वस्तीतल्या रस्त्यांना लवंग, जायफळ, केशर, धणे अशी नावे दिली आहेत. जिन्नस आठवणीत राहिले. ते ज्यांच्या पाठीवरून उतरले त्यांच्या नावाची गल्ली आम्हांला त्या फेरीत आढळली नाही.

त्या नावांचा शोध घ्यायला मात्र लंडनलाच जावे लागते असे नाही. मुंबईत मस्जिद बंदर भागात भारतीय खलाशांचे वसतिगृह आहे. तेथे पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची स्मृतीही तेथे जपलेली आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानकापासून ते लोकलने एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. आपल्या महाविद्यालयांच्या सहली शनिवारवाड्याला जातात, रायगडाला जातात. येथेही जाता येईल. प्रवासवर्णनाचा पेपर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा ती नावे मोठ्याने वाचावीत. रत्नागिरी, दापोली, राजापूर या भागांतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी आजोबा-पणजोबांच्या बोटीवरच्या नोकरीचे दाखले, पत्रे, आठवणी आहेत का, हे विचारून लिहून घ्यावे. दोन-तीन पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट आहे. सांगणारे आता फार थोडे उरले असतील, आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.